हाताचं वजन

"पाव हलका आहे रे, अवेलिनो," बाई म्हणाल्या, आणि मी हसलो. चव्वेचाळीस वर्षं काउंटरमागे उभं राहिलं की गिऱ्हाइकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपोआप हसू येतं, त्यात आनंदाचा भाग फारसा नसतो. मग माझ्या लक्षात आलं की बाई हसत नाहीयेत. दोन पावांपैकी एक त्यांनी उजव्या तळहातावर आडवा धरला होता, आणि त्यांच्या मागची रांग, जी एरवी तोंड म्हणून मिटत नाही, ती गप्प झाली होती. नोएमीबाई समोरच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. आमच्या सान बेर्नार्दिनो भागातली निम्मी माणसं त्यांच्या वर्गातून गेलेली आहेत, आणि त्यांनी जन्मात कुणाला अर्धा मार्क फुकट दिला नाही की कुणाचा उगाच कापला नाही. अशा बाईने हलका म्हटलं की ते हलकंच असतं, एवढं त्या रांगेला कळत होतं. "बाई, हा हात नाही, काटा आहे काटा," मी हात वर करून सगळ्यांना दाखवला. "तुझा हात मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून तर सांगतेय. तक्रार नाही माझी. हलका आहे, एवढंच." त्यांनी पाव पिशवीत घातले आणि रस्ता ओलांडून गेल्या. त्यांच्या मागच्या मेकॅनिकने दोन बोटं दाखवली. "दोन दे, पोर्तु. हलके असले तरी चालतील, माझंही वजन कुठे पहिल्यासारखं राहिलंय!" रांग हसली, मीही हसलो. कराकसमध्ये पाववाला म्हणजे पोर्तुगीज आणि पोर्तुगीज म्हणजे पोर्तु. माझा जन्म इथला, पण ती हाक काही सुटली नाही. मी पुढचे पाव देत राहिलो, आणि प्रत्येक पाव देताना माझा हात मला जरा परका वाटत राहिला.

दुपारी शटर अर्धं ओढलं. एवस्ताकिओ आत पोती झटकत होता. हा माझ्याकडे सव्वीस वर्षं कणीक मळतो, बोलतो कमी. हल्ली पोती झटकायची, जमिनीवर पडलेला मैदा ब्रशने गोळा करायचा, चाळायचा आणि डब्यात भरायचा, हे त्याचं रोजचं काम झालं होतं. मी माळ्यावरून बापाचा काटा काढला. पितळेचा, दोन पारड्यांचा, बाप समुद्रापलीकडून येताना घेऊन आला होता तो. आम्ही तो कधी वापरला नाही, शोभेला ठेवला होता. आमच्या दोघांसाठी बाजूला ठेवलेल्या चार पावांपैकी एक मी पारड्यात ठेवला. भाजून उतरलेला पाव एकशे ऐंशी ग्रॅम भरला पाहिजे. पूर्वी तो आमचा रिवाज होता, आता सरकारचा हुकूम होता. भरला दीडशे. दुसरा दीडशे. तिसरा एकशे एक्कावन्न. चौथा पुन्हा दीडशे. मी खुर्चीवर बसलो. पाव कमी-जास्त भरले असते तर मी म्हटलं असतं, म्हातारा झालो, हात कापतो. पण हात कापत नव्हता. तो अगदी नेमका होता, फक्त भलत्याच आकड्यावर नेमका होता.

"काटा गंजलाय, मालक," एवस्ताकिओ मागून म्हणाला.

"पितळ गंजतं होय रे?"

"मग वजनं झिजली असतील."

"वजनं झिजली तर पाव जड भरेल, गाढवा. तुला माहीत होतं?"

तो ब्रश हातात घेऊन उभा राहिला. "मी मळतो. गोळे तोडता तुम्ही." मग ब्रशकडे बघत, "दोन महिने झाले, कणीक जरा जास्तच पुरतेय असं वाटत होतं. मी म्हटलं, देवाची कृपा असेल. कृपेचं वजन कशाला करा?"

मी त्याच्यावर चिडलो नाही. मला बाप आठवत होता. बाप मादेइराच्या बेटावरून त्रेपन्न साली बोटीने ला ग्वाइराच्या बंदरात उतरला तेव्हा त्याला ह्या देशाची भाषाही येत नव्हती, पण कणकेचा गोळा तोडता येत होता, आणि तेवढं पुरलं. मी दहा वर्षांचा असताना त्याने मला लाकडी पेटीवर उभं केलं. तो माझ्या हातात गोळा ठेवायचा आणि म्हणायचा, हा. मग दुसरा ठेवायचा, हा नाही. हा. हा नाही. का नाही ते कधी सांगायचा नाही. आठ महिने मला दोन्ही सारखेच वाटले. मग एका दिवशी काहीतरी झालं, मनगटाच्या आत कुठेतरी एक जागा होती तिथे तो गोळा येऊन बसला, आणि त्यानंतर मला कधी विचार करावा लागला नाही. लग्नात, मुलीच्या जन्माच्या दिवशी, संप, कर्फ्यू, काहीही असो, हात कणकेत घातला की एकशे ऐंशीचा पाव होईल एवढाच गोळा बाहेर यायचा. बाप इस्पितळात गेला तेव्हा शेवटचे तीन दिवस तो कुणाला ओळखत नव्हता, माझ्या आईलाही नाही. पण त्याचा उजवा हात चादरीवरून काहीतरी तोडत होता, जरा तोलत होता आणि बाजूला ठेवत होता. नर्स हात धरून ठेवायला लागली तर मी म्हटलं, राहू द्या, तो कामावर आहे. मला तेव्हा अभिमान वाटला होता. आता त्या काट्यासमोर बसून मला वाटलं, त्याच्या त्या चादरीवरच्या पावांचं वजनसुद्धा बरोबर असणार, आणि माझ्या खऱ्या पावांचं नाही. मला लाज वाटली, अगदी लहान मुलाला वाटते तशी, कान गरम करणारी.

हे केव्हा सुरू झालं ते शोधण्यात माझे पुढचे चार दिवस गेले. चार दिवस, कारण मैदा आता आठवड्यातून एकदाच यायचा आणि पुढचा यायला तेवढे दिवस होते. बारा पोत्यांच्या जागी तीन पोती, बरोबर एक कागद: ह्यातून फक्त पाव करायचा. गोल्फेआदो बंद. गूळ आणि बडीशेप घातलेल्या त्या गोड वळ्या मी चाळीस वर्षं केल्या होत्या, सकाळी त्यांच्या वासावर लोक बसमधून दोन थांबे आधी उतरायचे. चैनीचं खाणं म्हणून त्यांच्यावर बंदी आली, आणि काचेच्या कपाटात मी माझ्या बायकोने, इल्दाने, ठेवलेली प्लॅस्टिकची फुलं मांडली. सरकार गरिबांचं होतं. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. पहिल्या वेळी मी स्वतः त्यांना मत दिलं होतं, आणि डोंगरउतारावरच्या वस्त्यांत पहिल्यांदा दवाखाना झाला तेव्हा मला बरंही वाटलं होतं. मग पैसा पातळ होत गेला, वस्तू दिसेनाशा झाल्या, आणि वस्तू दिसेनाशा झाल्या म्हणून त्यांचे भाव बांधून दिले, आणि भाव बांधले म्हणून त्या आणखी दिसेनाशा झाल्या. एखाद्याला उचकी लागली म्हणून गळा आवळावा तसा प्रकार. पण ह्या सगळ्यात माझ्या हाताचा काय संबंध? हात काही वर्तमानपत्र वाचत नाही.

तरी मला एक दिवस आठवत होता. मैदा तीन पोत्यांवर आला त्याच्या पहिल्या आठवड्यातला. मी बाहेर येऊन रांग बघितली, ती औषधाच्या दुकानाच्या कोपऱ्यावरून वळून पुढे पुलापर्यंत गेली होती. प्रत्येक तोंडात एकच प्रश्न होता, तो मला इतक्या लांबून ऐकू येत होता: पुरेल का? शेजाऱ्याला विचारत होते, पोलिसाला विचारत होते, रिकाम्या हाताने परतणाऱ्याला विचारत होते, पुरेल का. त्या दिवशी कोपऱ्यावरच पाव संपला. कोपऱ्यापलीकडच्या माणसांनी आधी शिव्या दिल्या, मग एका बाईने तान्हं मूल माझ्या काउंटरवर आणून ठेवलं आणि म्हणाली, "घे. तूच सांभाळ आता." मूल रडलं नाही, माझ्याकडे बघत राहिलं. दहा मिनिटांनी तिने ते उचललं आणि माफी मागून गेली. त्यानंतर मी आत जाऊन कणकेत हात घातला असेल तेव्हा मनात काय होतं? भीती होती का? होती. दया होती का? तीही असेल. पण कमी तोडूया असं मी स्वतःला कधीच सांगितलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. हाताने ती रांग परस्पर ऐकली आणि मला न विचारता निकाल दिला. किंवा मेकॅनिक म्हणाला तेच खरं असेल. माझा पट्टा चार भोकं आत गेला होता, दंडाची कातडी सैल झाली होती, लग्नातली अंगठी मी दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती. हात स्वतःच रोडावला असेल, तर रोडावलेल्या हाताला रोडावलेला गोळा भरलेलाच वाटणार. चोर म्हणू की उपाशी, मला ठरवता येईना. मादेइरातल्या फुंशालहून इल्दाचा फोन आला, ती वर्षभर तिकडे मुलीकडे आहे. "बंद कर ते दुकान आणि ये इकडे," ती नेहमीसारखं म्हणाली. मी तिला सांगायला गेलो की माझा हात चुकतोय. ती घाबरली, म्हणाली, "म्हणजे? मुंग्या येतात का? डॉक्टरला दाखवलंस का?" मी म्हटलं, हो, मुंग्याच येतात.

पुढच्या आठवड्याला मैदा आला तेव्हा मी काटा कणकेच्या टेबलावर ठेवला. प्रत्येक गोळा तोडायचा, पारड्यात टाकायचा, चिमूटभर कणीक वाढवायची. एवस्ताकिओ तोंड फिरवून काम करत होता. गोळा वाढवताना हाताला ते पटत नव्हतं, चिमूट नको नको म्हणत होती, इतकं की दुपारपर्यंत मनगट दुखायला लागलं. पण पाव उतरले ते एकशे ऐंशीचे, एकूण एक. मी ते देताना रांगेकडे मान वर करून बघत होतो, कितीतरी दिवसांनी. पहिल्या बाईने पाव हातात घेऊन म्हटलं, "अगं बाई, आज भारी आहे!" मला शाबासकी मिळाल्यासारखं झालं. आणि मग कोपऱ्याच्या बराच अलीकडे, सायकलच्या दुकानापाशी, पाव संपला.

मी बाहेर जाऊन सांगितलं. शिव्या पडल्या, त्यांची सवय आहे. शेवटाकडे नोएमीबाई उभ्या होत्या. त्या नेहमी शेवटाकडेच असतात. लिफ्ट दोन वर्षं बंद, गुडघे गेलेले, चार मजले उतरायला त्यांना अर्धा तास लागतो, तोवर जवान माणसं पुलापर्यंत रांग लावून मोकळी झालेली असतात. हे मला माहीत होतं. रोज दिसत होतं. आणि तरीही काट्यावर गोळे टाकताना मला ते एकदाही आठवलं नाही. गेले दोन महिने बाईंना पाव मिळत होता तो हलका होता म्हणूनच मिळत होता, ही एवढी सरळ गोष्ट मला रस्त्याच्या मध्यावर उभा राहिल्यावर कळली.

"आज वजन बरोबर होतं ना?" त्यांनी विचारलं.

"हो, बाई."

"मग झालं तर." त्यांनी कापडी पिशवीची चौकोनी घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवली. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मी सांगितलं त्याचा तुला राग नाही ना आला?"

"नाही, बाई. माझ्याकडे घरचे दोन आहेत, ते घेऊन जा."

"ते एवस्ताकिओचे नि तुझे. मला काय भीक लागलीय?" त्या म्हणाल्या, आणि इमारतीकडे निघाल्या. मी त्यांना दारातून आत जाताना बघितलं. मग जिन्याच्या खिडक्यांतून, पहिल्या मजल्यावर, बऱ्याच वेळाने दुसऱ्यावर. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत त्या इतका वेळ दिसल्या नाहीत की मी रस्ता ओलांडायला निघालो होतो. मग दिसल्या.

त्यापुढच्या आठवड्यात मी काटा माळ्यावर ठेवला. कणकेसमोर उभा राहिलो आणि हाताला म्हटलं, दीडशे. आता मी म्हटलं होतं. आधी जे झालं ते हाताने केलं होतं आणि मला वाटलं तर मी त्याच्याकडे बोट दाखवू शकत होतो. आता मला तशी सोय राहिली नव्हती. गंमत अशी की हात त्या दिवशी अडखळला. पहिले दहा-वीस गोळे वेडेवाकडे निघाले, एखाद्या शिकाऊ माणसाचे निघतात तसे. मग सरळ झाला. मी फळ्यावर खडूने खरं वजन लिहावं असंही मनात आणलं. खडू उचलला. पण वरच्या गल्लीतल्या बेकरीवाल्याला गेल्याच महिन्यात वजनावरून धरून नेलं होतं, त्याची भट्टी आता कुलपात होती, आणि तिथली रांग माझ्याकडे आली होती. मी खडू ठेवला. माझंही दुकान बंद झालं असतं तर ती माणसं कुठे गेली असती, हा विचार मी तेव्हा केला की नंतर स्वतःला बरं वाटावं म्हणून केला, ते मला सांगता येणार नाही.

रांग निम्मी सरली होती तेव्हा तपासणीवाले आले. एक जाडसर शिपाई, आणि लाल जाकीट घातलेली योर्हेलिस. हिला मी फ्रॉकमध्ये पाहिलंय, ती गोल्फेआदोचा जळका कोपरा मागायची, आईने पैसे दिलेले नसले की. "सिन्योर गोवेया," ती म्हणाली, पोर्तु म्हणाली नाही. "तक्रार आलीय. वजन कमी असल्याची. बाई बोलल्या होत्या ना इथे?"

"कुणी केली तक्रार?"

"ते सांगता येत नाही." तिने पिशवीतून छोटा विजेचा काटा काढून काउंटरवर ठेवला, माझ्या टोपलीतला पाव त्यावर ठेवला. काचेवर आकडे लुकलुकले आणि विझले. तिने काटा ठोकला. पुन्हा लुकलुकले, पुन्हा विझले. सेल संपला होता, आणि सेल त्या वर्षी शहरात कुणी पाहिलेलाच नव्हता. रांगेत कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळेच हसले. "सरकारलाच उपास पडलाय!" मेकॅनिक ओरडला.

"हसू नका!" योर्हेलिसचे कान लाल झाले. "तुमचा काटा असेल ना?"

"त्याचं पारडं मोडलंय," आतून एवस्ताकिओ म्हणाला, आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकांसमोर.

"मोडलं तर मोडलं, बघू." ती काउंटरला वळसा घालायला लागली. मी बापाचा विचार केला नाही, इल्दाचा केला नाही. मला भट्टीवर लावलेलं कुलूप दिसलं, बस्स.

"बाईंना विचारा की!" मेकॅनिकच पुन्हा म्हणाला. "वजन त्यांनाच कळतं. त्या काही कुणाची भीड धरायच्या नाहीत." आणि ते शब्द रांगेतून मागे गेले, बाईंना विचारा, बाईंना बोलवा, आणि बाई पुढे आल्या. लोक बाजूला होत होते. योर्हेलिसने नकळत जाकिटाचं बटण लावलं.

"बाई, तुम्ही म्हणाला होतात हलका आहे. आजचा बघा. तुम्ही सांगाल तसं लिहिते मी."

बाईंनी पाव घेतला. बराच वेळ धरून ठेवला. त्या क्षणी त्यांनी खरं सांगावं असं मला मनापासून वाटत होतं, आणि सांगू नये असंही तितकंच मनापासून वाटत होतं, आणि दोन्ही खरं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या मान वळवून रांगेकडे बघत होत्या, कोपऱ्यापर्यंतच्या, आणि कोपऱ्यापलीकडे वळलेल्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या.

"एकशे ऐंशी?"

"बरोबर आहे म्हटलं ना, योर्हेलिस. लिही."

योर्हेलिसचा हात कागदावर थांबला. तिने पाव स्वतः उचलला नाही. वर्गात ह्या बाईंसमोर ती उभी राहिली असेल, हातात नकाशा धरून, नदी चुकीच्या डोंगरातून उगम पावलेली, आणि बाईंनी सगळ्यांसमोर चूक दाखवली असेल. मग तिने लिहिलं, आणि खाली सही मागितली. बाईंनी पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं, त्यांना वेळ लागला. शिपायाने काटा पिशवीत टाकला आणि ती दोघं गेली. रांगेतून टाळ्या पडल्या, कुणीतरी बाईंच्या नावाने जयजयकार केला.

"बाई, आता इथेच घ्या," लोक म्हणाले. "परत कुठे मागे जाता?"

"माझा नंबर मागे आहे," बाई म्हणाल्या, आणि मागे गेल्या.

त्यांचा नंबर यायला दीड तास लागला. मी त्या दीड तासात काय बोलायचं ते जुळवत होतो. दुकान वाचलं होतं, भट्टी गरम होती, मला हलकं वाटायला हवं होतं. पण ज्या बाईने उभ्या जन्मात कुणाला अर्धा मार्क वाढवून दिला नाही, तिला मी भर रस्त्यात, स्वतःच्या नावाची सही करून, खोटं बोलायला लावलं होतं. त्यांचं पेन्शन महागाईने खाल्लं होतं, मुलगा देश सोडून गेला होता, लिफ्ट बंद होती. त्यांचा शब्द तेवढा त्यांच्यापाशी धड उरला होता, आणि तो माझ्या पावात गेला.

त्या समोर आल्या. मी दोन पाव दिले. त्यांनी ते हातावर न धरता सरळ पिशवीत टाकले.

"बाई—" मी म्हटलं.

"आता मला काही विचारू नकोस, अवेलिनो," त्या म्हणाल्या. "नको विचारूस." त्यांचे डोळे भरले होते की उन्हाने चुरचुरत होते, त्यांनी बघू दिलं नाही. त्या रस्ता ओलांडून गेल्या.

त्यांच्यामागे उशिरा आलेली अकरा माणसं होती. त्यांना सगळ्यांना पुरला.